आमच्या तळ्यातलं विलायती कमळ

पहिलं सांगून टाकतो. हे मी लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. लिहिलंय माझ्या सुनेनं, स्वातीनं. ती मध्येच थांबायची आणि बोलायची, "बाबा, 'मी तिथं उपस्थित होतो' असं लिहू का?" मी बोललो, मी आयुष्यात कुठंच उपस्थित नव्हतो, मी नुसता तिथं होतो, तसंच लिही. आणि बबन शाळेत गेलाच नाही असं कुणी समजू नका. गेलो होतो. शाळेच्या मागं आंब्याचं झाड होतं. त्यावरून पडून पाय मोडला, मग शाळेत जायचं काही कारणच उरलं नाही.

अंकवाल्या ताई घरी आल्या, बोलल्या, "काका, इतकी वर्षं तळ्याच्या बागेत माळी होतात, तुमचे अनुभव द्या." मी बोललो, देतो, पण सगळे छापायचे. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी माईकवरून बोललो तरी कुणाला पटली नाही. छापलेलं लोकांना पटतं.

तळ्याचं नाव सांगत नाही. बदलापूरच्या अंगाला आहे, एवढं बास. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांना सांगितलं तर ते रविवारी येऊन लॉनवर वेफर खात बसतील.

माळी व्हायच्या आधी मी मोरिवलीला एका कंपनीत हेल्पर होतो, ड्रम ढकलायला. कंपनी बंद झाली आणि मी घरी बसलो. घरी बसलेला पुरुष म्हणजे बाईच्या पायात येणारं मांजर. माझ्या बायकोनं, सुमननं, कसेबसे सहा-सात महिने काढले, मग तिनंच कुणाला तरी सांगून मला बागेच्या ठेक्यावर चिकटवलं. बागेचे साहेब बोलले, "झाडांचं काय येतं?" मी बोललो, "शेतकऱ्याचा पोरगा आहे साहेब, सगळं येतं." शेत होतं हे खरं. पण बाप मला बांधावर बसवायचा, कारण मी आत उतरलो की लावलेल्या भातावरून चालायचो. हे साहेबांनी विचारलं नाही, मग मी पण सांगितलं नाही.

लोकांना वाटतं माळ्याचं काम म्हणजे पाणी घालणं. पाणी घालायला अक्कल लागत नाही. न घालायला लागते. झाड तहानेनं मरतं त्याच्यापेक्षा लाडानं जास्त मरतं. पहिल्या वर्षी मी मोगऱ्याची अख्खी रांग प्रेमानं बुडवून मारली. पुढं कळलं, सकाळी बोट मातीत खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर पाइप गुंडाळून ठेवायचा आणि बिडी ओढायची. माझ्या मोगऱ्याला पुढं इतकी फुलं आली की सकाळच्या वॉकवाल्या बायका पिशव्या घेऊन यायच्या. मी ओरडायचो, "वैनी, देवाला किती फुलं लागतात? एक देव आहे का बटालियन?"

दुसरं शिकलो वाटेचं. साहेबांनी तळ्याभोवती छान वळणावळणाच्या लाद्या घातल्या. लोक त्याच्यावरून एक दिवस चालले, दुसऱ्या दिवसापासून झुडपातून सरळ. मी काटेरी तार बांधली, तर एका आजोबांचा लेंगा फाटला आणि त्यांनी मला सगळ्या वॉकिंग क्लबसमोर सोलला. तेव्हापासून आपला नियम: आधी लोकांना चालू द्यायचं, गवत कुठं मरतंय ते बघायचं, मग लाद्या घालायच्या. नंतर नवीन इंजिनीयर आले की साहेब बोलायचे, "बबनला विचारा." छाती अशी फुगायची की शर्टाचं बटण जायचं.

आता फुगलेल्या छातीचं पुढं काय होतं ते सांगतो. झुडुपं कापायचा मोठा कटर हातात आल्यावर मी मेंदीच्या कुंपणाचा मोर करायला घेतला. पिसारा डावीकडं जास्त गेला म्हणून उजवीकडनं कापला, मग उजवीकडं जास्त गेला. संध्याकाळी एक बाई मुलाला दाखवत होती, "बघ सोनू, कोंबडी." मी बोललो, हो, कोंबडीच केली आहे.

हे सगळं माफ. खरी गोष्ट फुलाची आहे.

आमच्याकडं उल्हासनगरवरून एक लछमन अंकल यायचे, कपड्याचे व्यापारी. दर रविवारी स्कूटरवर अंकल, मागं आंटी आणि दोघांच्या मध्ये दाल पकवानचा डबा. मला बघितलं की हाक, "आओ साईं, पहले खाओ, बाद में काम." माणूस दिलदार, पण एक खोड. दर वेळी बागेला नावं ठेवायची. "साईं, सब ग्रीन ग्रीन है. कलर किधर है? तालाब में भी कुछ नहीं. कमल तो डालो!" मला ते लागायचं. आमच्या तळ्यात खरंच काही नव्हतं. स्वच्छ पाणी, दोन हंसाच्या पेडल बोटी, कडेला बगळे. आज बोलतो, ते 'काही नव्हतं' तेच सगळ्यात भारी होतं. पण तेव्हा कुणाला अक्कल.

मी राहतो मांजर्लीला, नदीजवळ. त्या पावसाळ्यात नदी घरात येऊन गेली. आमच्याकडं ती पाहुणी असते, दोन-तीन वर्षांनी चक्कर टाकते. पाणी उतरल्यावर बघतो तर मागच्या भिंतीला हिरवागार गालिचा अडकलेला. जाड चकचकीत पानं, फुगलेले देठ, आणि वर फुलं. जांभळी. मधल्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. मी बघतच बसलो. मला जो मोर जमला नाही तो फुकट घरी आला होता.

सुमन चिखल काढत होती. बोलली, "अहो, ते केंदाळ आहे. नदीत घाण म्हणतात त्याला."

मी बोललो, "नदीत घाण, बागेत फूल. तुला बागकामातलं काय कळतं?"

बाप भाताच्या खाचरात पाय ठेवू देत नव्हता तो मी, हे बोललो. सुमनची नवी टोपली घेतली, पाच रोपं निवडून ठेवली, सायकलच्या मागं बांधली आणि नेऊन बोटीच्या धक्क्याजवळ हळूच पाण्यात सोडली. पोरीला सासरी सोडावं तसं. कुणाला सांगितलं नाही. बोललो, रविवारी अंकलचं तोंड बघू.

रविवारी अंकल बघून उडालेच. "अरे वाह साईं! ये कौन सा फूल है?"

मी बोललो, "विलायती कमळ."

नाव तिथल्या तिथं तयार केलं. आंटीनं फुलासोबत फोटो काढला. नंतर पोरी यायला लागल्या रील काढायला. धक्क्यावर रांग. आणि मी कडेला उभा, हातात पाइप, चेहऱ्यावर असा भाव की फूल मीच शोधून काढलंय.

केंदाळ कसं वाढतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. एका रोपाला बाजूनं दांडी फुटते, दांडीच्या टोकाला दुसरं रोप, त्याला तिसरं. देठ आतून स्पंजसारखे, म्हणून सगळं तरंगतं. आज खाटेएवढं दिसलं की पुढच्या महिन्यात खोलीएवढं. मी बघत होतो. आधी खूश होतो, मग गप्प होतो, मग रात्री झोप येईना. दिवाळीपर्यंत धक्क्याची बाजू भरली. मी उपटून टाकायचो, दुप्पट यायचं. होळी आली तेव्हा निम्मं तळं हिरवं झालं होतं. खालचं पाणी काळं, वास मारायला लागलं. बगळे गेले.

आणि त्या रविवारी अंकल-आंटीची हंसाची बोट मध्येच अडकली. मुळ्या पेडलला गुंडाळल्या. आंटी ओरडायला लागली, अंकल ओरडायला लागले, "साईं, ये तेरा विलायती कमल हमको छोड़ नहीं रहा!"

मी दोरी घेऊन धावलो. समोर अख्खं केंदाळ. वरून एकदम लॉन दिसत होतं. माळ्याला लॉन दिसलं की तो पाय ठेवतो. ठेवला. पहिलं पाऊल टिकलं, त्यामुळे दुसरं जोरात टाकलं. छातीपर्यंत आत. पाय हलवले तशा मुळ्या आणखी आवळत गेल्या. काठावर लोकांनी मोबाईल काढले. एवढी गर्दी माझ्या लग्नाला नव्हती.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, "हलू नको बबन्या! म्हैस पण पाण्यात गप्प बसते!"

हा नामादा. तळ्याच्या शेजारच्या गावातला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. घरात एकटा. गुडघे गेलेले, जमिनीवर लंगडत चालायचा. पण हातात पाग घेऊन पायरीवर उभा राहिला की राजा. पाग म्हणजे हातानं फेकायचं जाळं, हवेत गोल उघडतं आणि पाण्यावर ताटासारखं पडतं. त्या तळ्यात तो लहानपणापासून पाग टाकत आला होता. नदीचा उतार गुडघ्यांना झेपत नव्हता, बारवी धरणाकडं जायचं तर डोंगराची वाट. तळ्याला तेवढ्या पायऱ्या होत्या. संध्याकाळी दोन तिलापिया, कधी एखादी मरळ. तेच त्याचं जेवण आणि तीच त्याची चैन. गावच्या माणसाला हाताच्या जाळ्यानं धरायला कुणी अडवत नव्हतं.

नामादानं ट्रकच्या टायरची ट्यूब पाण्यात टाकली, तिच्यावर पोटावर झोपला आणि विळ्यानं केंदाळ कापत माझ्यापर्यंत आला. आधी मला सोडवलं. मग बोट ओढून आणली. आंटीनं त्याच्या हातात दाल पकवानचा अख्खा डबा दिला. मी काठावर चिखलात बसलेलो. नामादा धापा टाकत माझ्याकडं बघून बोलला, "लाजू नको. बुडणाऱ्याला लाज नसते."

हे त्यानं रविवारी केलं. मी सोमवारी काय केलं ते ऐका.

मी बुडतानाचं रील सगळ्या गावानं बघितलं, साहेबांनी पण बघितलं. आले. धक्क्यावर उभे राहिले आणि बोलले, "हे आलं कुठून? या तळ्याला ना नदी मिळते ना नाला. कुणीतरी आणल्याशिवाय हे येत नाही. बबन, तू रोज इथं असतोस. कुणी आणलं?"

माझ्या डोळ्यांसमोर मोरिवलीच्या कंपनीचं बंद गेट आलं. घरातलं मांजर आलं. आणि तोंडातून आलं, "साहेब, तो नामादा नदीवर पण जाळं टाकतो ना. जाळ्याला चिकटून आलं असेल."

असेल. एवढाच शब्द. साहेब बोलले, "बास. उद्यापासून जाळं घेऊन कुणाला आत सोडायचं नाही. सांग त्याला."

म्हणजे सांगायचं पण मीच. संध्याकाळी नामादा पाग खांद्यावर टाकून आला. मी गेटवर.

"नामादा, वरून ऑर्डर आहे. जाळं बंद."

"का रे?"

"जाळ्यातून केंदाळ आलं बोलतात."

"कोण बोलतं?"

"साहेब."

"साहेबाला कोण बोललं?"

मी पंपाकडं बघितलं. पंप बंद होता, तरी बघितलं.

नामादानं खांद्यावरची पाग सरळ केली. बोलला, "माझ्या जाळ्यानं नदी बघून किती वर्षं झाली, माहीत आहे ना तुला? हे गुडघे उतरवतात का मला नदीवर?" आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून बागेच्या रेलिंगबाहेर नारळवाल्याच्या बाकड्यावर येऊन बसायला लागला. तळ्याकडं तोंड करून. माझ्याशी बोलणं बंद. मी बिडी पुढं केली तर नारळवाल्याला बोलायचा, "याला सांग, मी सोडली." आणि समोर स्वतःची पेटवायचा.

मग सुरू झालं केंदाळ काढणं. मशीन आलं, चार दिवस घरघरलं, गेलं. महिन्यात सगळं परत, कारण हाताएवढा तुकडा जरी राहिला तरी तो संसार मांडतो. मग राहिलो आम्ही ठेक्याची माणसं. पाण्यात उतरायचं, दोरीनं ओढायचं, काठावर टाकायचं. मी सगळ्यांत आधी उतरायचो, सगळ्यांत शेवटी निघायचो. लोक बोलायचे, काय निष्ठा आहे! निष्ठा कसली, माझंच पाप होतं ते.

एक पावसाळा गेला. आम्ही ओढायचो आणि ते पसरायचं. एक दिवस मी रेलिंगजवळ थकून बसलो होतो, तर मागून आवाज आला.

"बैलोबा, वाऱ्याच्या उलटं ओढतोस."

नामादा. इतक्या महिन्यांनी.

"सकाळी वारा झोपलेला असतो तेव्हा तुम्ही मरमर मरता. दुपारी पश्चिमेचा सुटला की हे सगळं आपल्या पायानं पिंपळाच्या काठाला येतं. तिथं बांबू बांधून आडवी दोरी टाक. आलेलं परत जाऊ देऊ नको. मग बसून काढ."

मी बोललो, "नामादा..."

तो नारळवाल्याकडं वळून बोलला, "मलई किती आहे रे आज?" जसं काय बोललाच नाही.

त्या दिवसापासून वारा आमचा मजूर झाला. दुपारी केंदाळ काठाला यायचं, आम्ही बांबू आत सरकवत जायचो. रोज तळं थोडं उघडायचं. उपटलेलं उन्हात वाळवून मी त्याचं खत केलं, गुलाबाला घातलं, गुलाब असा आला की साहेबांनी फोटो पाठवायला लावला. दुसरा पावसाळा संपला आणि एका सकाळी बघतो तर अख्ख्या तळ्यात आकाश. बगळा पण आला, एकच, पण आला. त्या दिवशी मी रडलो, हे स्वातीला लिहायला सांगायचं नव्हतं, पण तिनं ऐकलं.

त्या गोष्टीसाठी माझा सत्कार ठरला. तळ्याकाठी मंडप, स्पीकर, शाल, श्रीफळ. साहेब बोलले, "ज्या माणसानं एकट्याच्या जिद्दीनं..." मी मंचावर बसलेलो आणि समोर रेलिंगबाहेर बाकडं. नामादा बसलेला. त्याला आत बोलावलं नव्हतं, पण स्पीकर बाहेरपर्यंत होता.

माझ्या हातात माईक आला. मी ठरवून आलो होतो. बोललो, "मंडळी, हे केंदाळ मीच आणलं. बायकोच्या टोपलीतून, सायकलवर. विलायती कमळ बोलून लोकांना फसवलं. नाव मात्र नामादाचं घेतलं. त्याच्या जाळ्याचा काही संबंध नाही. चोर मी आहे."

मंडप हसला. असा हसला की मंडपवाल्याचा पोऱ्या पण खुर्च्या सोडून हसायला लागला. अंकल पुढच्या रांगेत मांडीवर थापा मारत होते, "साईं, क्या कॉमेडी करता है!" साहेबांनी डोळे पुसत माईक घेतला, "बघा, सत्काराच्या दिवशी पण स्वतःवरच विनोद. याला म्हणतात नम्रपणा."

चूक त्यांची नव्हती. आयुष्यभर मी काय केलं? कोंबडी झाली, सांगितलं. बुडलो, सांगितलं. मोगरा मारला, सांगितलं. स्वतःवर इतकं हसवलं की खरं बोललो तेव्हा त्यांनी हसायचं सोडून दुसरं काय करायचं?

एकच माणूस हसला नाही. मी शाल घेऊन रेलिंगजवळ गेलो.

"आज खरं बोललास," नामादा बोलला.

"कुणाला पटलं नाही नामादा."

"मला पटून काय उपयोग? मी काय गेटवर ऑर्डर काढतो? तुझं हलकं झालं असेल, माझा पाय आत गेला का?"

शाल घातलेला माणूस इतका उघडा पडलेला मी तरी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसात गेलो. गंभीर चेहरा करून बोललो. साहेबांनी चहा मागवला. "बबनराव, कमाल आहात. आमच्या मिटिंगला येत जा, जरा वातावरण हलकं होईल." मी जितका गंभीर व्हायचो तितके ते हसायचे. माझं तोंडच तसं आहे, काय करणार.

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. टोपलीचं तिला माहीत होतं. नामादाचं नाव मी घेतलं, हे नव्हतं. ती भाकरी करत होती. थापता थापता थांबली. बोलली, "ज्यानं तुम्हाला पाण्यातून काढलं त्याचं नाव घेतलंत?"

मग परत भाकरी थापायला लागली. मला त्या दिवशी शिव्या चालल्या असत्या.

सकाळी बघतो तर नेसलेली लग्नाकार्याची साडी, पायात चप्पल, काखेत टोपली. तीच. चिखलाचा डाग बुडाला अजून होता. बोलली, "चला. तुमचं कुणाला पटत नाही, माझं पटेल."

साहेबांनी बघितलं आणि हसायला तयार झाले. "वहिनी, तुम्ही पण?"

सुमन बोलली, "मला जोक येत नाही साहेब. ही टोपली माझी. नवी होती. यांनी याच्यातून पाच रोपं नेली, मी नको बोलले होते. तो म्हातारा दोन पावसाळे बाहेर बसलाय. त्याला आत घ्या. यांचं काय करायचं ते तुम्ही बघा."

टोपली तिनं टेबलावर ठेवली. फायलींच्या वर. साहेबांचं हसू कसं गेलं ते मला सांगता येत नाही. थोडं थोडं गेलं, जसं पाणी उतरतं.

मला बोलले, "म्हणजे खरंच?"

मी बोललो, "तेच सांगतोय साहेब परवापासून."

शिक्षा झाली. तळ्यावरून उचलून अंबरनाथला रस्त्याच्या डिव्हायडरवर टाकलं. बाजूनं डंपर, मध्ये मी आणि धुळीनं भरलेली कण्हेर. कामावरून काढलं नाही, हे साहेबांचं मोठेपण. निवृत्तीपर्यंत तिथंच होतो. आणि छाती फुगवून सांगतो, अंबरनाथच्या त्या डिव्हायडरची कण्हेर आजपण बघा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट, तोच नियम. शाल परत मागितली नाही. नारळाची तोवर चटणी झाली होती.

नामादाला गेट उघडलं त्या संध्याकाळी मी डिव्हायडरवरून सुटून थेट तळ्यावर गेलो, लांब उभा राहिलो. नामादा एकेक पायरी उतरला. पाग खांद्यावर घेतली, दातात दोरी धरली, फिरला आणि फेकली. अर्धीच उघडली, दोन पावसाळ्यांत सवय मोडली होती. ओढून वर घेतली तर त्यात वेफरचं पाकीट. त्यानं ते बाहेर काढलं, लांबून मला दाखवलं आणि ओरडला, "बबन्या, हे पण तूच आणलंस का?"

दोन पावसाळ्यांनी त्यानं मला बबन्या बोलून मारलेली ती पहिली हाक. मी बोललो, "हो नामादा, माझंच."

आता मी निवृत्त आहे. रोज सकाळी तळ्यावर जातो, माळी म्हणून नाही, बाकड्यावर बसणारा म्हातारा म्हणून. नवीन माळी चांगला आहे, पाणी जरा जास्त घालतो. मी सांगत नाही, मोगरा मेला की कळेल त्याला. अंकल अजून येतात, स्कूटरऐवजी मुलाच्या गाडीतून, आणि डबा उघडला की पहिला तुकडा नामादाला. बगळे परत आले आहेत. पाणी असं आहे की पायरीवरून तळातली पायरी दिसते. ते तळं मी बिघडवलं आणि मी साफ केलं, दोन्ही गोष्टी माझ्याच नावावर लिहा.

केंदाळाचं बी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं. त्यामुळं दर पावसाळ्यानंतर एखादं रोप डोकं काढतंच. ते शोधायचं काम नामादानं स्वतःकडं घेतलंय. जाळ्यात आलं की आणून माझ्या चपलेवर टाकतो, "घे, तुझं लेकरू." मी ते पिशवीत घालून घरी नेतो आणि गच्चीवर उन्हात वाळवून टाकतो. तळ्याच्या आसपास त्याचं पान पण ठेवायचं नाही.

या वर्षीचं रोप फुलासकट आलं. गच्चीवर ठेवलं आणि समोर बसलो. जांभळं, मधल्या पाकळीवर पिवळा डोळा. खोटं कशाला बोलू, अजून पण छानच दिसतं. जरा जास्तच वेळ बसलो असेन.

सुमन कपडे वाळत घालायला वर आली. माझ्याकडं बघितलं, फुलाकडं बघितलं.

बोलली, "टोपली देऊ का?"